मर्यादेचा डाव

आगरदांडा हें गांव राजपुरीच्या खाडीच्या उत्तर तीरावर वसलेलें आहे. आगर म्हणजे नारळीपोफळीची बाग आणि दांडा म्हणजे पाण्यांत शिरलेली चिंचोळी जमीन. गांवाचें निम्में वर्णन त्याच्या नांवांतच आलें. समोरच्या तीरावर दिघी, खाडीच्या मुखाशीं सिद्द्यांचा जंजिरा, आणि दोन्ही तीरांमध्यें माणसांची व वाहनांची ने-आण करणारी फेरीबोट, एवढाच या भागाचा परिचय बहुतेक प्रवाशांस असतो. भाद्रपदांत मात्र सगळ्या कोंकण किनाऱ्याप्रमाणें येथेंही निराळी हालचाल सुरू होते. मुंबईचे चाकरमानी घरोघर येतात, गणपतीपुढें जागरण होतें, भजन आटोपलें म्हणजे ओटीवर चटई पसरली जाते आणि पत्ते पिसण्याचा आवाज ऐकूं येतो. पहिलें पान पडण्यापूर्वीं एक प्रश्न हटकून विचारला जातो, "आजचा डाव कितीचा?" कोणी वडील माणूस रुपया म्हणतो, कोणी दोन म्हणतो, आणि आंकडा ठरला कीं सर्वांचीं मनें स्वस्थ होतात. डावाला मर्यादा पडली, म्हणजे आतां हा जुगार उरला नाहीं, ही करमणूक झाली, अशी ती समजूत असते.

ही समजूत फार जुनी आहे, आणि तिच्यांत थोडें तथ्यही आहे. परंतु मर्यादा ही एका फटक्याचें माप ठरविते. अखेरच्या हारजितीचें माप ठरविणाऱ्या गोष्टी निराळ्याच असतात. त्यांपैकीं एक म्हणजे काळ, आणि दुसरी म्हणजे बसवणाऱ्याचा वांटा, ज्यास आपल्याकडे नाल असें म्हणतात. ज्यांनीं द्यूताचे कायदे केले त्यांना हें बरेंच उमगलें होतें. ज्यांनीं द्यूत खेळलें त्यांना तें क्वचितच उमगलें. या दोन पक्षांच्या इतिहासाकडे थोडें पाहूं.

आपल्या वाङ्मयांतील अत्यंत जुना जुगारी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत भेटतो. त्याचे फांसे बेहड्याच्या फळांचे. कोंकणच्या रानांत आजही बेहड्याचीं झाडें आहेत. त्यांचें फळ त्रिफळा-चूर्णांत जातें, म्हणजे एके काळीं घर बुडविणारी वस्तु आतां औषधाच्या डबींत जाऊन बसली आहे. सूक्तांतील तो मनुष्य सासूच्या तिरस्काराविषयीं, दुरावलेल्या बायकोविषयीं आणि कर्जाविषयीं बोलतो, आणि अखेर त्यास शेती करण्याचा उपदेश होतो. त्याच्या खेळास मर्यादा होती असें कोठेंही दिसत नाहीं. सभापर्वांतील द्यूत तर अमर्याद खेळाचा नमुनाच होय. धर्मराज प्रत्येक डावाला मागील डावापेक्षां मोठा पण लावीत जातो. धन, राज्य, भाऊ, स्वतः, द्रौपदी. शकुनीच्या कपटाची चर्चा आपण पुष्कळ करतों. पण कपट बाजूस ठेवलें तरी ज्या खेळांत गेलेलें सर्व एका डावांत परत आणण्याची मुभा असते, त्या खेळांतील मनुष्य थांबण्यास कारण शोधीत नाहीं.

महाभारतांतच याची दुसरी बाजू आहे, आणि ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. नळ पुष्कराकडून हरला, वनांत गेला, आणि पुढें ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला असतां त्या राजानें वाटेंत एका बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें न मोजतां सांगितलीं. नळानें रथ थांबवून फळें मोजून पाहिलीं; आंकडा बरोबर निघाला. त्या विद्येच्या बदल्यांत नळानें अश्वविद्या दिली आणि मग परत येऊन गेलेलें राज्य जिंकलें. द्यूत ही केवळ दैवाची बाब नसून तींत गणित आहे, ही जाणीव या कथेंत स्पष्ट आहे. तरीही नळानें आपली नवी विद्या एकाच डावावर लावली, आणि कथाकारानें त्याला त्यांत यश दिलें. खऱ्या खेळांत विद्या इतक्या लवकर फळत नाहीं, हें पुढें दिसून येईल.

स्मृतिकारांत या विषयीं दोन तट आहेत. मनु द्यूताचा समूळ उच्छेद सांगतो. राजानें जुगाऱ्यांस राज्याबाहेर घालवावें असें त्याचें मत. याज्ञवल्क्य, नारद इत्यादिक व्यवहारी होत. खेळ बंद होत नाहीं, तर तो राजाच्या नजरेखालीं एके ठिकाणीं चालूं द्यावा, चोरही तेथेंच सांपडतात, असा त्यांचा युक्तिवाद. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत या मतभेदाची चर्चा आहे. कौटिल्यानें तर द्यूताध्यक्ष नांवाचा अधिकारीच नेमला. फांसे सरकारी, त्यांचें भाडें निराळें, पाण्याचें व जागेचें भाडें निराळें, आणि जिंकलेल्या द्रव्यावर शेंकडा पांच सरकारचे. दुसरीकडे खेळणारास बारा पण दंड. याज्ञवल्क्याचा नियम याहून बोलका आहे. ज्याची प्राप्ति शंभर किंवा अधिक त्याच्याकडून सभिकानें शेंकडा पांच घ्यावे, आणि इतरांकडून शेंकडा दहा. म्हणजे लहान डाव खेळणारावर नाल दुप्पट! मर्यादेंत खेळणारा आपण सुरक्षित आहों असें समजतो, पण सभिकाच्या हिशेबांत तोच अधिक भार वाहतो. हा नियम लिहिणारास गिऱ्हाईक चांगलें ठाऊक होतें.

या सभिकाचें चित्र मृच्छकटिकांत पाहावें. देवलांच्या मराठी नाटकामुळें तें आपल्या वाचकांस परकें नाहीं. संवाहक दहा सुवर्ण हरतो, पळतो, पकडला जातो, मार खातो. वसंतसेना आपलें कंकण देऊन त्याला सोडविते, आणि तो बौद्ध भिक्षु होतो. दहा सुवर्ण ही रक्कम एखाद्या श्रीमंतास कांहींच नव्हती. संवाहकास ती जन्माची झाली. मर्यादा ही रकमेंत नसून खिशांत असते, हें त्या प्रवेशांत एकाही उपदेशाच्या वाक्यावांचून दिसतें.

महाराष्ट्राच्या धर्मेतिहासांतही द्यूताचा एक डाव असा आहे, कीं त्याचे परिणाम आजवर चालत आले आहेत. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर हे पूर्वाश्रमीचे गुजराथेंतील एका प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव. लीळाचरित्राप्रमाणें त्यांना द्यूताचा नाद होता. एकदां मोठी हार झाली, देणेकऱ्यांचा तगादा लागला, आणि त्यांनीं पत्नीजवळ दागिने मागितले. तिनें ते दिले नाहींत. त्या नकारानें मन विटून ते रामटेकच्या यात्रेचें निमित्त करून घराबाहेर पडले आणि महाराष्ट्रांत आले. पुढें ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंची भेट झाली. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ज्यांच्या आठवणींनीं भरला आहे, त्यांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग हा एका हरलेल्या डावाचा आहे. पंथाच्या अनुयायांनीं ही आठवण लपविली नाहीं, याचें आम्हांस कौतुक वाटतें. आणि त्या पत्नीविषयींही एक शब्द लिहिला पाहिजे: त्या घरांत डावाची मर्यादा ठरविली ती तिनें.

फांशांकडून पत्त्यांकडे येतांना फार थांबण्याचें कारण नाहीं. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याचें त्यानें स्वतः नमूद केलें आहे. अकबराच्या दरबारच्या गंजिफेचें वर्णन ऐने-अकबरींत आहे. आणि आपल्या सावंतवाडीस दशावतारी गंजिफेचीं एकशें वीस गोल पानें अजूनही हातानें रंगविलीं जातात. बावन्न पानांचा जोड मात्र युरोपियनांबरोबर समुद्रावरून आला. इस्पिक व किलवर या नांवांना अद्याप त्या प्रवासाचा वास आहे. त्या जोडावर आपण तीनपत्ती बसविली, जिचा मूळपुरुष इंग्रजांचा तीन पानांचा 'ब्रॅग' समजला जातो. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं न्यू ऑर्लिन्सच्या बाजूस त्याच जोडावर पोकर उभा राहिला. दोन्ही खेळांचा आत्मा एकच: हातचीं पानें झांकून ठेवावयाचीं आणि पैशाच्या चालीनें बोलावयाचें.

मर्यादित पोकर हा यांतला शिस्तीचा प्रकार होय. त्याचा नियम वाचकांस समजेल असा सांगतों. प्रत्येक डावांत पैसे लावण्याच्या चार फेऱ्या असतात. पहिल्या दोन फेऱ्यांत चाल दहा रुपयांची ठरली असेल तर पुढील दोहोंत ती बरोबर वीस रुपयांची. कमी नाहीं, अधिक नाहीं. एका फेरींत एक चाल व तिच्यावर तीन वाढी, एवढेंच बहुधा चालतें. म्हणजे एका डावांत मनुष्य कितीही भडकला तरी पहिल्या दोन फेऱ्यांत चाळीस-चाळीस आणि पुढच्या दोहोंत ऐशी-ऐशी, मिळून २४० रुपयांपलीकडे तो जाऊं शकत नाहीं. येथें धर्मराजाला राज्य पणास लावतां येणार नाहीं. अमेरिकेंतील पत्त्यांच्या खोल्यांतून हा प्रकार पुष्कळ वर्षें रूढ होता. २००३ नंतर दूरचित्रवाणीच्या प्रभावानें अमर्याद पोकरची लाट आली, आणि मर्यादित खेळ मुख्यतः वयस्क व हौशी मंडळींच्या टेबलांपुरता उरला.

आतां या सुरक्षित खेळांत चढउतार किती असतात तें पाहूं, कारण हौशी मनुष्य फसतो तो येथेंच. वीस रुपयांची जी मोठी चाल, तिला आपण एक माप धरूं. अनुभवी खेळाडूंच्या हिशेबाप्रमाणें उत्तम खेळणारास दीर्घकालांत ताशीं सुमारें एक मापाचा लाभ होतो. म्हणजे वीस रुपये. पण एका तासांत होणारी वरखाली मात्र साधारणपणें दहा मापांची, म्हणजे दोनशें रुपयांची असते. लाभापेक्षां हेलकावा दसपट! लाभ तासांच्या प्रमाणांत वाढतो, हेलकावा तासांच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत. शंभर तासांनंतर अपेक्षित लाभ शंभर मापें, आणि हेलकावाही शंभरच मापें. याचा अर्थ असा, कीं खरोखर निष्णात अशा सहा माणसांपैकीं सुमारें एक जण शंभर तास उत्तम खेळूनही तोट्यांत असतो. आठवड्यास चार तास खेळणाऱ्या गृहस्थाचे शंभर तास म्हणजे जवळजवळ सहा महिने.

याची उलट बाजू अधिक घातक आहे. ज्याच्या अंगीं कसब मुळींच अधिक नाहीं, जो बरोबरीच्या मंडळींत बरोबरीनें खेळतो, अशांपैकींही सहांतील एक जण शंभर तासांअखेर दोन हजार रुपये किंवा त्याहून अधिक जिंकून बसलेला असतो. हा मनुष्य आपल्या नशिबाला कसब समजतो. तो बायकोस सांगतो, मित्रांस सांगतो, आणि पुढच्या वर्षीं दहा-वीसच्या जागीं पन्नास-शंभरच्या डावास बसतो. त्याला मर्यादेनें वांचविलें नाहीं. मर्यादेनें त्याला मोठ्या मर्यादेपर्यंत हळूहळू नेलें. उलट जो निष्णात असूनही सहा महिने हरला, तो घरच्यांच्या नजरेंत व्यसनी ठरतो. दोघांचीही परीक्षा चुकीची होते आणि दोन्ही ठिकाणीं पुरावा म्हणून खरा पैसाच दाखविला जातो, त्यामुळें वाद करण्यास जागा राहत नाहीं.

या विषयाचें गणित युरोपांत १६५४ सालीं पास्कल व फर्मा यांच्या पत्रव्यवहारानें मार्गी लागलें आणि १६५७ सालीं हायगेन्सनें त्यावर पुस्तिका लिहिली. त्यांतून निघालेला एक सिद्धांत प्रत्येक ओटीवर ठाऊक असावा असा आहे. दोन सारख्या कसबाचे खेळाडू एक जण निर्धन होईपर्यंत सारख्या चालीनें खेळले, तर जिंकण्याचा संभव ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणांत असतो. एकाजवळ शंभर व दुसऱ्याजवळ नऊशें रुपये असतील, तर पहिल्याचा संभव दहांत एक. चाल एक रुपयाची केल्यानें हा संभव बदलत नाहीं. रात्र मात्र लांबते.

हें सर्व नाल नसतां. नाल आली म्हणजे हिशेब आणखी निराळा होतो. हातानें पत्ते वांटले तर तासास सुमारें तीस डाव होतात. बसवणाऱ्यानें प्रत्येक डावांतून फक्त दहा रुपये काढले, तर तासाचे तीनशें. नऊ खेळाडूंवर वांटले तर दरमाणशीं तेहेतीस. वरच्या टेबलावर निष्णाताचा लाभ ताशीं वीस रुपये सांगितला, तोसुद्धां नाल देऊन उरलेला; म्हणजे इतरांहून ताशीं त्रेपन्न रुपयांनीं सरस खेळेल तेव्हां तो वीस घरीं नेईल. साधारण बऱ्या खेळाडूचें कसब नालीतच संपतें. चार तासांनीं टेबलावरून बाराशें रुपये निघून गेलेले असतात, आणि ते कोणी जिंकलेले नसल्यामुळें कोणाच्याच लक्षांत येत नाहींत.

इंग्रजी अमदानींतील कायद्यानें नेमकें येथेंच बोट ठेवलें. मुंबई इलाख्याचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. त्यांत डाव किती रुपयांचा, या प्रश्नावर भर नाहीं. जागेचा मालक किंवा चालक खेळाच्या साधनांपासून अथवा जागेपासून स्वतःचा फायदा करून घेतो काय, यावरून जुगाराचा अड्डा ठरतो. केवळ कसबाचे खेळ वगळलेले आहेत. मुंबईकर मोठे कल्पक. पाऊस किती पडेल यावर पैजा लागत, तेव्हां १८९० सालीं दुरुस्ती करून पावसालाही कायद्याच्या कक्षेंत घ्यावें लागलें. आगरदांडा त्या वेळीं नबाबाच्या जंजिरा संस्थानांत असल्यामुळें इलाख्याचा कायदा आपोआप तेथें लागूं होत नव्हता. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, मुरुडची बाजू कुलाबा जिल्ह्यांत आली, आणि त्या जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें.

सर्वोच्च न्यायालयानें १९६७ च्या नोव्हेंबरांत सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यांत रमी हा मुख्यतः कसबाचा खेळ ठरविला, आणि त्याच निकालांत तीन पानांचा खेळ केवळ दैवाचा असल्याचें म्हटलें. परंतु न्यायालयानें आणखी एक पुस्ती जोडली: क्लब जर खेळापासून नफा करीत असेल, तर कसबाचा खेळही त्याला वांचविणार नाहीं. द्यूताध्यक्षाच्या शेंकडा पांचांपासून या पुस्तीपर्यंत सुमारें दोन हजार वर्षांचा मार्ग आहे, आणि वाटेंतले सर्व शहाणे खेळणाराच्या हाताकडे न पाहतां बसवणाऱ्याच्या हाताकडे पाहत आले आहेत.

तरीही त्याच दशकांत मुंबईंत सर्वांत लहान डावाचा सर्वांत मोठा धंदा उभा राहत होता. न्यूयॉर्कच्या कापूस-बाजाराच्या उघडत्या व मिटत्या भावांवर जो आंकडा चाले, तो बंद पडल्यावर १९६२ सालीं कल्याणजी भगत यांनीं व १९६४ सालीं रतन खत्री यांनीं पत्ते काढून आंकडा ठरविण्याची पद्धत सुरू केली, हाच मटका. चार-आठ आण्यांपासून कोणीही लावावें. एकेरी आंकड्यास रुपयास नऊ रुपये मिळत, आणि आंकडे तर दहा. म्हणजे प्रत्येक रुपयामागें दहा पैसे नाल, आणि ओपन-क्लोज मिळून दिवसांतून दोनदां. गिरणगांवांतील खोल्यांतून राहणारा कोंकणी कामगार रुपया लावतांना मर्यादेंतच होता. त्याला विचारलें असतें तर त्यानें तसेंच सांगितलें असतें. पण रोज दोनदां एक रुपया लावणाराची वर्षाची लावणी सातशें रुपयांवर जाते, आणि सरासरीनें तींतले सत्तर रुपये नालींत जिरतात. ज्या काळीं गांवाकडच्या घराचा महिना मनीऑर्डरीवर निघे, त्या काळीं सत्तर रुपये म्हणजे काय हें कोंकणांतल्या म्हाताऱ्या बायांस विचारावें. त्यांना मटक्याचें गणित येत नव्हतें, पण फॉर्मावरचा आंकडा वाचतां येत होता.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. गोव्यानें १९७६ च्या आपल्या कायद्यांत १९९२ नंतर दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांस व जहाजांस वाट दिली, आणि मांडवीच्या पाण्यावर कॅसिनो आले. महाराष्ट्रानेंही १९७६ सालींच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधींच अमलांत आला नाहीं, आणि २०२३ सालीं रद्द झाला. मध्यंतरीं खेळ मोबाइलवर गेला. तेथें नाल डोळ्यांना दिसत नसे, पत्ते वांटण्यास वेळ लागत नसे, आणि तीस डावांच्या तासाचे शेंकडों डाव झाले. रुपयाची मर्यादा राहिली, पण काळाची सुटली. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला.

ओटीवरचा डाव या सर्वांतून बाजूस राहिला आहे. तेथें नाल काढीत नाहींत. फार तर चहाची साखर घरधन्याची जाते. म्हणून बरोबरीच्या मंडळींत एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा फायदा, आणि पैसा आळींतल्या आळींत फिरतो. आमची तक्रार त्या खेळाविरुद्ध नाहीं. तक्रार आहे ती सकाळीं होणाऱ्या बढाईविरुद्ध. अमुक अण्णा नेहमीं जिंकतात, तमुक भाऊंना पत्ता लागत नाहीं, असे निकाल तेथें दरवर्षीं ठरतात आणि वर्षभर मुंबईच्या गाड्यांतून फिरतात. कसब व दैव वेगळे दिसूं लागावयास चारशें तास तरी खेळावें लागतें. तेव्हां कोठें निष्णाताच्या तोट्याचा संभव चाळिसांत एकावर येतो. गणपतीच्या पांच रात्रीं, रात्रीस सहा तास, याप्रमाणें वर्षाचे तीस तास होतात. अण्णांविषयींचा निकाल देण्यास तेरा गणपती होऊन चौदावा यावा लागेल, आणि तोंपर्यंत दरवर्षींची जमाखर्चाची वही कोणीतरी ठेवलेली असावी लागेल.